कप्तानाचं ताट

मामाने मनात आणलं असतं तर कप्तानाला त्याने कधीच आडवा केला असता. त्यासाठी सुरा नको की दंडात ताकद नको. कप्तानाची न्याहारी, दोन्ही वेळचं जेवण, मधला चहा, सगळं मामाच्या हातून जायचं. माल वाहणाऱ्या त्या जहाजाचा तो आचारी. उंदराचं औषध खालच्या कोठीत होतंच. हात लांबवायचा अवकाश.

पण मामाला कप्तान मेलेला नको होता. मेला म्हणजे सुटला. मामाला तो जिवंत हवा होता, चारचौघांत उभा, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: पोराला मी खाली पाठवलं.

पोरगा म्हणजे मामाचा भाचा, धाकट्या बहिणीचा एकुलता एक. ताडमाड उंच, म्हणून खलाशी त्याला लंबू म्हणायचे. मामानेच शब्द टाकून त्याला या जहाजावर चिकटवला होता. पहिल्याच दिवशी गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, दारात डोकं आपटून घेत तो ओरडला, "मामा, भूक!" तेव्हापासून सगळ्या जहाजाचा तो मामा झाला. मशीनवाले मामा म्हणायचे, डेकवाले मामा म्हणायचे, कप्तानसुद्धा म्हणायचा. आता हाक मारणारा मूळ भाचा गेला आणि हाक तेवढी मागे राहिली. दिवसातून पन्नास वेळा ती कानात घुसायची आणि मामा पन्नास वेळा दात-ओठ खायचा.

झालं होतं ते असं. जहाजाच्या पोटात लाकडाच्या भुशाच्या गोळ्या भरल्या होत्या, भट्टीत जाळायच्या. माल दिसायला गरीब. पण झाकणं लावून आठवडेच्या आठवडे कोंडला की आतल्या हवेतलं जीव जगवणारं सगळं खाऊन टाकतो. माणूस शिडीने उतरतो, दोन श्वास घेतो आणि तिसरा त्याला मिळत नाही. म्हणून आधी यंत्राने हवा तपासायची असते. बंदर जवळ आलं होतं, कप्तानाला घाई होती, माल ओला झालाय का ते बघायचं होतं. मामा त्याच वेळी वरच्या काचेच्या खोलीत चहा घेऊन गेलेला. कप्तान वॉकीटॉकीवर खेकसत होता.

"लंबूला उतरव खाली. पाच मिनिटांचं काम."

खालून सारंगाचा आवाज आला. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. "साहेब, हवा तपासायचं यंत्र बंद पडलंय. झाकण उघडून थोडं थांबू या."

"तुझ्या आजोबांनी तपासली होती का रे हवा? उतरव म्हटलं ना!"

मामाने चहा ठेवला आणि तो कांदे चिरायला खाली गेला. कांदे अर्धे चिरून झाले तेव्हा धोक्याची घंटा वाजली.

कप्तानाने अहवाल लिहिला, 'परवानगी न घेता, स्वतःच्या बेपर्वाईने उतरला.' डेकवरच्या सगळ्यांनी त्याखाली सह्या केल्या. सारंगाने पहिली. पुढची नोकरी कप्तानाच्या शेऱ्यावर अवलंबून असते आणि प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडं असतात. मामाला कुणी विचारलंच नाही. स्वयंपाकघरातला माणूस, त्याला डेकवरचं काय कळतं? मामाने पुढच्या बंदरात कचेरीतल्या साहेबाला गाठून सांगितलं, तर साहेब म्हणाला, "एवढे जण एक सांगतात आणि तुम्ही एकटे दुसरं. त्यात तुम्ही मामा." आणि फाइल मिटली.

बहीण फोनवर रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला. बेपर्वाई म्हणे. माझं पोर गच्चीच्या कठड्याला टेकायला घाबरायचं, माहितीय ना तुला?"

"माहितीय गं."

"तूच नेलंस त्याला. आता तो शब्द तूच पुसून आण. आणि नुसता पुसून नको. त्या माणसाला मातीत लोळलेला बघून ये, आणि मग मला तोंड दाखव."

एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. नियम नव्हता असं नाही. नियम होता. जगभरच्या सरकारांचे लोक, जहाजमालक आणि खलाशी लांबच्या कुठल्या तरी मोठ्या सभागृहात वर्षानुवर्षं बसून भांडले आणि त्यांनी खलाशाच्या जगण्याचा कायदा ठरवला. किती तास झोप, कसली गादी, दुखलंखुपलं तर कोण बघणार, गाऱ्हाणं कुठे मांडायचं. बंद जागेत उतरण्याआधी हवा तपासा, हेही जगाने तसंच कधीचं ठरवून ठेवलंय. जहाजावर त्याचे छापील कागद होते, जेवणाच्या खोलीत पंख्याच्या बटणाशेजारी काचेत लावलेले. लंबू त्याच काचेत बघून भांग पाडायचा. कागद जिथल्या तिथे राहिला आणि पोरगं गेलं. ठरवणारे ठरवून घरी जातात. पाळायचं काम कप्तानाच्या मर्जीवर सोडतात.

तर मामा स्वयंपाक करत राहिला. आणि एक चमत्कार झाला. मामाने काहीही न करता कप्तान घाबरायला लागला.

सुरुवात मामाच्या नजरेने झाली. पूर्वी ताटं वाढून झाली की तो आत जायचा. आता तो जेवणाच्या खोलीच्या दारात खांदा टेकून उभा राहू लागला आणि कप्तानाचा एकेक घास बघू लागला. उचलला, तोंडात गेला, चावला, गिळला.

"काय बघतोस रे?" कप्तान एकदा म्हणाला.

"काही नाही साहेब. जेवण आवडतंय का ते बघतोय."

दुसऱ्या दिवशी कप्तानाला सूपमध्ये काळं काही दिसलं. चमचा तसाच हवेत. "हे काय आहे?"

"मिरी, साहेब."

"एवढी मोठी?"

"कुटायची राहिली असेल. काढून टाका हवं तर. की मी खाऊन दाखवू?"

त्या 'खाऊन दाखवू'ने घात केला. कप्तानाने वाटी सरकवली. मग तो वाढप्याला आधी दोन घास खायला लावू लागला. मग तेही सोडलं आणि उकडलेल्या अंड्यांवर आला, तीही टरफलासकट आणायची आणि स्वतः सोलायची. अंडं सोलून झालं की दिव्याखाली फिरवून बघायचा, सोनार नग बघतो तसा. गालफडं बसली. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मामाला इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही. रोज तो आधीपेक्षा जास्त मन लावून रांधायचा, वास सगळ्या जहाजभर दरवळेल असा, आणि कप्तान कोपऱ्यात बसून अंडं सोलायचा.

सारंग एकदा हळूच गॅलीच्या दारात आला. सहीनंतर तो मामाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. जमिनीकडे बघत म्हणाला, "मामा, खरं सांग. काही घालतोस का रे त्यात?"

"तुझ्या ताटात?"

"माझ्या कशाला घालशील..." म्हणता म्हणता सारंगाचा चेहरा पडला. तो निमूट निघून गेला. त्या दिवशी त्यानेही पाव आणि केळ्यावर भागवलं.

शेवटी एका सकाळी कप्तानाने हुकूम काढला. मामा गॅलीतून बाहेर. गॅलीत ग्रीस.

ग्रीस म्हणजे इंजिनातल्या यंत्रांना तेल-वंगण घालणारा गडी. हात कोपरापर्यंत कायम काळे, म्हणून ते नाव. त्याला जन्मात चहासुद्धा करता आला नव्हता. आणि मामाच्या हातात आली गंज खरवडायची हातोडी. इतकी वर्षं कढईसमोर उभा राहिलेला माणूस डेकवर गुडघे टेकून लोखंड ठोकायला लागला. कुठे? ज्या झाकणाखाली भाचा गेला, त्याच झाकणाच्या कडेला. कप्तान वरून काचेतून बघत होता.

मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रत्येक ठोका कप्तानाच्या टाळक्यात घालतोय असं समजून तो ठोकत होता.

इकडे ग्रीसने भात केला. वरून कच्चा, खालून जळका, मधे चिखल. मटण आणि मासे त्याने एकाच परातीत ठेवले. दोन दिवसांत निम्मं जहाज संडासाच्या दारात रांगेला.

"ग्रीस, लेका, हे काय आहे?" मशीनवाला ओरडला.

"रस्सा."

"इंजिनात घाल. निदान ते पळेल तरी!"

सगळे हसले. मामा हसला नाही. त्याला वाटत होतं, आपण हरलो. निदान घासाघासाला त्याचा जीव काढत होतो, तेवढंही हातातून गेलं.

बंदर लागलं तसा तो उतरला आणि धक्क्याबाहेरच्या खलाशांच्या क्लबात जाऊन बसला. प्लास्टिकच्या खुर्च्या, जुनी मासिकं, फुकट चहा. तिथली बाई खलाशांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज रेशन दुकानदारासारखा. मामाने तिला भाच्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"सह्या झाल्यात," ती म्हणाली. "ते प्रकरण मी उघडू शकत नाही. खोटं बोलून तुम्हाला धीर देणार नाही."

मामा उठला. जाता जाता कडवट हसून म्हणाला, "आणि आता तर आचाऱ्याच्या हातात हातोडी दिलीय हरामखोराने."

"थांबा. बसा खाली. जहाजावर माणसं किती?"

"सतरा."

"आणि स्वयंपाक कोण करतंय?"

"तेलवाला."

बाईने चष्मा चढवला. "दहा किंवा जास्त माणसांचं जहाज असेल तर शिकलेला, पात्र आचारी लागतो. जगभरचा कायदा आहे. तुम्ही इथे लेखी तक्रार द्या, तुमचं नाव फुटणार नाही. उद्या निरीक्षक जहाजावर येईल."

मामाचा बांध फुटला. "बाई, माझा भाचा मेला तेव्हा तुमचं जग झोपलं होतं. आणि भात करपला तर निरीक्षक येतो?"

बाई चिडली नाही. "हो. अगदी तसंच आहे. मलाही लाज वाटते. पण तो दरवाजा बंद झालाय आणि हा उघडा आहे. आत जायचं की बाहेर उभं राहून शिव्या द्यायच्या, ते तुम्ही ठरवा."

मामाने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक शिडी चढून आला. बुटका, टकल्या, हातात विजेरी. गॅलीत शिरला, शीतपेटी उघडली, नाकाला रुमाल लावला आणि पिठात बोट घातलं. बोटाबरोबर दोन किडे वर आले. ग्रीस बाजूला उभा, अंगात इंजिनरूमचा डगला.

"आचाऱ्याचं प्रमाणपत्र?"

"मी यंत्रांना तेल घालतो साहेब," ग्रीस प्रामाणिकपणे म्हणाला.

"आणि इथे काय घालता?"

"जे सापडेल ते."

निरीक्षकाने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. कप्तान टेबलाशी, खलाशी भिंतीला टेकून, मामा दाराशी, हातोडी अजून हातात.

"कप्तानसाहेब, तुमच्याकडे प्रमाणपत्र असलेला आचारी आहे. मग तो गंज का काढतोय?"

"शिस्तीचा प्रश्न आहे."

"काय केलं त्याने? कुठे नोंद?"

"नोंद नाही. उद्धट आहे."

"उद्धट माणसाला स्वयंपाक येत नाही असं कुठे लिहिलंय?" निरीक्षक थकल्यासारखा खुर्चीत बसला. "हे बघा, मला तुमचं जहाज अडकवायची हौस नाही. सोपं आहे. आचाऱ्याला गॅलीत परत पाठवा, गॅली धुऊन घ्या, खराब माल फेका. संध्याकाळच्या भरतीला निघा. हो म्हणा आणि विषय संपवा."

एवढंच? कप्तानाने एक 'हो' म्हटलं की झालं? भांडी परत मिळणार, जहाज निघणार आणि लंबू कायमचा बेपर्वा राहणार. कप्तानाची मान हलायला लागली होती. ओठ 'ठीक' म्हणायला उघडत होते.

मामाने हातोडी खाली ठेवली. दोन पावलं पुढे आला. आणि सगळा मध आवाजात ओतून म्हणाला, "हो म्हणा ना साहेब. किती वाळलात. आज मी तुमच्यासाठी खास करीन. मटणाचा रस्सा. दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देणार नाही. फक्त तुमच्यासाठी. अगदी जीव ओतून."

आणि हसला. भाचा गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

कप्तान ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "नाही! हा गॅलीत जाणार नाही! जहाज अडकलं तरी चालेल!"

"का?" निरीक्षक.

"हा मला मारील! बघितलंत ना कसा बोलतोय? रोज दारात उभा राहून घास मोजतो माझे!"

"आचारी तुम्हाला का मारील?"

"त्याच्या भाच्याला मी खाली पाठवलं म्हणून!"

कप्तानाला आपण काय बोललो ते एका क्षणाने उशिरा कळलं. त्याने तोंडावर हात नेला, जणू गेलेलं वाक्य पकडून परत आत कोंबता येईल.

निरीक्षक सावकाश म्हणाला, "या जहाजावर एक खलाशी गेला, हे येण्याआधी मी वाचलंय. त्यात तो आपल्या मनाने उतरला असं आहे."

"म्हणजे तेच... मला म्हणायचं होतं की हा तसं समजतो..."

"पाठवलं," कुणी तरी म्हणालं.

सारंग होता. भिंतीपासून सुटून उभा. या खेपेला त्याने मामाच्या डोळ्यांत बघितलं. "साहेबांनी पाठवलं. यंत्र बंद आहे, थांबू या, असं मी म्हटलं होतं. झाकण मी धरलं होतं. सही पण मीच केली, भ्यालो म्हणून."

"मीही ऐकलं, वॉकीटॉकीवर," मशीनवाला म्हणाला.

"मीही." ग्रीसने काळा हात वर केला. मग एकेक करत भिंतच बोलायला लागली.

निरीक्षकाने गॅलीचा कागद बाजूला सरकवला आणि कोरा घेतला. "आता सगळ्यांनी बाहेर जा. एकेकाला बोलावतो. जहाज कुठेही जाणार नाही."

कप्तान खुर्ची उचलायला वाकला, पण उचलता येईना. मामा शांतपणे गेला, खुर्ची सरळ केली आणि म्हणाला, "बसा साहेब. वेळ लागेल."

दुपारपर्यंत कंपनीचे फोन खणखणायला लागले. कप्तानाकडून कारभार काढला. नवा कप्तान आणि मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी येईपर्यंत त्याने आपल्या केबिनमध्ये राहायचं, जहाज सोडायचं नाही. मामाने गॅली खालपासून वरपर्यंत घासली, किडकं पीठ फेकलं, कढई लख्ख केली.

निरीक्षक निघताना गॅलीच्या दारात थांबला. "एक सांगून ठेवतो. तो माणूस जहाजावर आहे तोवर त्यालाही पोटभर, चांगलं अन्न मिळायला हवं. कायदा माणूस बघून बदलत नाही."

"बदलू पण नये," मामा म्हणाला.

संध्याकाळी त्याने बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"स्वतःच्या तोंडाने म्हणाला?"

"सगळ्यांसमोर."

"आणि आता तुझ्याच हातचं खातोय?"

"खायलाच लागेल."

"मग घाल ना दादा काही तरी. कोण बघतंय?"

"वेडी आहेस. एका तडाख्यात मोकळा करू त्याला? त्याला चौकशीसमोर उभं राहायचंय. परत एकदा म्हणायचंय. मग परवाना घालवून घरी जायचंय आणि बायकोपोरांना सांगायचंय की का घालवला. ते सगळं करायला तो धडधाकट हवा मला."

पलीकडून पहिल्यांदाच हुंदका ऐकू आला. मामाने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. ती थांबेपर्यंत धरून ठेवला.

कप्तानाने त्या दिवशी ताट परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारीही पाठवलं. अंडी मागितली. मामाने निरोप धाडला, अंडी संपली. खरं तर कोठीत खोकी भरून होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामा स्वतः ताट घेऊन केबिनपाशी गेला. भात, मटणाचा रस्सा, भाजलेले बटाटे, ताजा पाव. वाफा निघत होत्या. दारावर टकटक केलं आणि उत्तराची वाट न बघता आत शिरला. कप्तान बिछान्याच्या कडेला बसलेला, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. नाकपुड्या फुलल्या. डोळे ताटावरून हलेनात.

"नको," तो म्हणाला.

मामाने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि दाराला खांदा टेकून उभा राहिला.

"मामा... माझ्याकडून चूक झाली."

"ते मला नका सांगू. सांगायचं कुणाला ते ठरलंय. खा."

"आधी तू खा."

"मी जेवलो. कढईतलंच. सगळे जेवले. आता तुम्ही जेवा."

कप्तानाने पाव मोडला. तुकडा निसटून रश्श्यात पडला. त्याने तो बोटांनी काढला, तोंडाजवळ नेला, थांबला, मामाकडे बघितलं. मामाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. रागही नाही आणि दयाही नाही. कप्तानाने डोळे घट्ट मिटले आणि घास तोंडात टाकला. चावला. गिळला. आणि तसाच बसून राहिला, पोटात काही फुटतंय का त्याची वाट बघत.

काही फुटलं नाही. रस्सा चांगला झाला होता. मग भुकेने त्याचा ताबा घेतला. तो भसाभसा खायला लागला, रस्सा हनुवटीवरून ओघळला, आणि खाताखाताच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भीतीचं की लाजेचं की नुसत्या भुकेचं, मामाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तो एकेक घास बघत होता.

"उद्या सकाळी चौकशीवाले येतायत," ताट निम्मं झाल्यावर मामा म्हणाला. "दिवसभर बोलायला लागेल तुम्हाला. अंगात ताकद पाहिजे. भात आणू अजून?"

कप्तानाने मान वर केली नाही. पण ताट थोडं पुढे केलं.

मामा भात आणायला गेला.